मुक्कामी गाडीची चार घरं

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी, मी सांगलीहून निघाले आणि पाचव्या दिवशी, रविवारी, परत आले. सागरेश्वर, सज्जनगड, लिंबची विहीर, कास, ठोसेघर, कोयना, शुकाचार्य अशी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली नावाजलेली ठिकाणं या दिवसांत पाहिली. त्यांच्याबद्दल लिहिणार आहेच. पण मी निघाले होते चार घरांचा होकार आणायला, आणि ते आधी सांगितलं नाही तर पुढचं काही नीट कळणार नाही.

माझे पती एसटीत कंडक्टर होते. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून ते गावोगावी मास्तरच. नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी मुक्कामी गाड्यांवर काढली. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचणारी आणि सकाळी तिथूनच सुटणारी. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावातच झोपतात आणि त्यांची भाकरी गावातल्या एखाद्या घरातून येते. हे कुणी नेमून दिलेलं नसतं. एखादी बाई पहिल्या दिवशी भाकरी पाठवते, आणि मग ते घर त्या गाडीचं होऊन जातं.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी सांगलीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या सहली काढायला सुरुवात केली. दर डिसेंबरला एक सहल, पाच दिवसांची. दुपारची जेवणं त्यांनी हॉटेलात न ठेवता आपल्या जुन्या घरांत ठेवली: कडेगाव, लिंब, कोयनानगर आणि शुकाचार्याजवळची एक वस्ती. लोक देवळं आणि धबधब्यांपेक्षा या जेवणांसाठी येत. मी शाळेत ग्रंथपाल होते. सहलीसाठी आठ पानांचं माहितीपत्रक लिहून देणं हे माझं काम. सहलीला मी एकदाही गेले नाही. बसमध्ये उभं राहून बोलणं, लोकांना हसवणं, वेळेवर उठवणं ही सगळी कामं त्यांची होती. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत जाऊन बसते.

या वर्षीची सहल मे महिन्यातच भरली. बावीस नावं. जूनमध्ये एका सकाळी चहा गाळता गाळता मास्तर गेले.

दिवाळी झाली तसा गटातल्या सर्वांत ज्येष्ठांचा, देशमाने सरांचा फोन आला. ते निवृत्त मुख्याध्यापक. "वहिनी, विचारायला जड जातंय," ते म्हणाले, "पण सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा. नाहीतर मंडळी दुसरीकडं जायचं म्हणताहेत." माझे दीर म्हणाले, रद्द करून टाका, कुणी नावं ठेवणार नाही. मी म्हणाले, आधी बघून येते.

मास्तरांच्या सहलींना गाडी चालवणारे हणमंतराव फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे खंडाळा तालुक्यातले. त्यांना विचारलं, घरांना फोन करून चालेल का?

"फोनवर मास्तर कवाच बोलले न्हाईत," ते म्हणाले. "दर दिवाळीनंतर आमी सोता जाऊन सांगून यायचो. फोन केला तर त्या बाया म्हनतील, एवढी काय धाड भरलीया. चला, मी घिऊन जातो. आपली छोटी गाडी हाय."

त्या चार घरांना मास्तर गेल्याचं कळलेलं नव्हतं. कळवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सागरेश्वर आणि कडेगाव

सांगलीतून निघताना कृष्णाकाठी गणपतीच्या देवळात थांबलो. सहलीचा नारळ इथंच फुटतो. मी फोडला नाही, नुसते हात जोडले.

सागरेश्वरला पायथ्याशी जुन्या देवळांचा पुंजका आहे आणि वर डोंगरावर अभयारण्य. हे जंगल माणसांनी लावून वाढवलेलं आहे, हे माझ्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत होतं. पण लावलेल्या झाडाखालून चितळांचा कळप जाताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे. वरच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं, आणि नजर जाईल तिथं ऊस. तोडणी सुरू झाली होती. रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक, आणि त्यांच्यामागं आमची गाडी गोगलगाय झालेली.

कडेगावात मोहरमला ताबूत फार उंच निघतात आणि त्यांच्या भेटी बघायला लांबून लोक येतात, म्हणून गाव प्रसिद्ध. आम्ही गेलो ते गावाबाहेर उसाच्या मळ्यात, सुमनताईंच्या घरी. त्यांचा मुलगा सैन्यात, नवरा तोडणीवर. सुमनताई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. हणमंतरावांना बघून हसल्या.

"आवं या की! मास्तर कुटं हायत? का बसलं गाडीतच रुसून?"

मी घरून वाक्य तयार करून आणलं होतं. ते सरळ म्हणून टाकलं. "मी त्यांची पत्नी. ते जूनमध्ये गेले. डिसेंबरच्या जेवणाचं विचारायला आले आहे."

सुमनताईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या उठल्या, माझ्या गळ्यात पडल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. शब्द लावून, मास्तरांचे गुण सांगत, माझ्या खांद्यावर कपाळ आपटत. शेजारच्या दोघी धावत आल्या, त्याही रडायला लागल्या. मी मध्ये उभी. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हात कुठं ठेवावेत तेही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्या थांबल्या. मी पुन्हा विचारलं, "डिसेंबरमध्ये बावीस माणसांचं जमेल का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी भर देवळात चप्पल घालून आले आहे.

"बाई, अजून आमी तुमच्या दारात भेटाय आलो न्हाई. तुमच्याकडं मानूस गेलंय, आन् तुमीच आमच्या दारात येऊन जेवनाचं बोलताय. असं कुटं असतंय का? आदी आमची भेट हुंदे. मग कामाचं बगू."

"कधी याल?"

"येनार म्हनून सांगून येत्यात व्हय भेटाय?"

हो नाही, नाही नाही. त्यांनी पाणीसुद्धा दिलं ते घोटभरच, रिवाजापुरतं. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "एक घर गेलं."

"गेलं न्हाई," हणमंतराव म्हणाले. "तुमी उलटं चाललाय, वैनी. दुःखाच्या घरात लोक येत्यात. दुःख असं गाडीत घालून दारोदार न्यायचं नसतंय."

"सोमवारपर्यंत सगळ्यांनी येऊन भेटून जायची वाट बघू का मग?"

त्यांनी गाडी हमरस्त्याला घातली. कऱ्हाड येईपर्यंत माझा निश्चय झाला होता. पुढच्या घरी असं होऊ द्यायचं नाही.

सज्जनगड आणि लिंब

साताऱ्यात मुक्काम केला. सकाळी सज्जनगड चढलो. पायऱ्या बेताच्या उंचीच्या आहेत. सत्तरीतला माणूस थांबत थांबत चढेल. वर वारा फार, आणि खाली उरमोडी धरणाचं पाणी. दुपारी लिंबला.

लिंबची बारामोटेची विहीर फोटोत बघून कळत नाही. शेतातून जाताना काहीच दिसत नाही, आणि मग जमिनीत एक वाडा उतरत जातो. दगडी जिना, कमान, कोरलेले हत्ती-सिंह, विहिरीच्या पोटात बसायची खोली. वरती मोटा चालायच्या त्या जागा. एक पुण्याचं कुटुंब मोटा मोजत होतं आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता. पाण्यात वाकून पाहिलं तर गारवा तोंडाला लागतो.

मंगलचं घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. पस्तिशीची, बोलकी. मुक्कामी गाडीची भाकरी तिच्या सासूनं सुरू केली होती. सासूमागं तिनं चालू ठेवली. तिनं विचारलं, "मास्तर?"

"आले नाहीत," मी म्हणाले.

हणमंतरावांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"तुमी त्यांच्या मंडळी व्हय? अगं बाई! किती वरसं म्हनतीया, वैनीस्नी आना. ते म्हनायचे, ती पुस्तकातनं उठत न्हाई." तिनं मला हाताला धरून आत नेलं. "तुमी ते कागद ल्हीता न्हवं? लय कामाचं. त्या म्हाताऱ्या मानसांस्नी उनात पंखा म्हनून बरं पडत्यात. एक आजी तर त्याच्यावर बसल्या, भुई गार लागती म्हनून."

"मास्तर वाचून दाखवत नव्हते?"

"कवा! ते आपलं इकडं-तिकडंचं सांगत्यात आन् हसवत्यात. वाचत्यात कशाला?"

मला हसू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी, आणि शेवटी शेवयांची खीर. "मास्तरांची आवडती," म्हणून तिनं दुसऱ्यांदा वाढली. मी दोन्ही वाट्या संपवल्या. डिसेंबरचं विचारताच ती म्हणाली, "हू. बावीस का, तीस आना. त्यात काय इचारायचं!"

निघताना तिनं डबा हातात दिला. शेंगदाण्याचे लाडू. "मास्तरास्नी द्या. म्हनावं, औंदा आला न्हाईत म्हनून मंगल बोलत न्हाई तुमच्याशी."

गाडीत बसलो. हणमंतरावांनी किल्ली फिरवली नाही. समोर बघत म्हणाले,

"वैनी, ह्यो डबा कुनाला द्यायचा?"

मी डबा मागच्या सीटवर ठेवला.

"फौजेत मानूस पडला तर बातमी पयली जाती. सामान मागनं जातंय. तुमी सामान घेतलंत, बातमी दिली न्हाई." मग त्यांनी गाडी सुरू केली आणि साताऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

कास, ठोसेघर आणि पुन्हा लिंब

कासला नोव्हेंबरात जाऊ नये, असं सगळे सांगतात. फुलं गेलेली असतात. मला ते पठार तसंच आवडलं. पिवळं गवत, काळा कातळ, पर्यटक नाहीत. तलावाच्या कडेला एक कणीस भाजणारी बाई होती. ती म्हणाली, सप्टेंबरात इथं पाय ठेवायला जागा नसती. मी वहीत लिहिलं: डिसेंबरला फुलांची आशा दाखवू नये, पठार दाखवावं. ठोसेघरचा मोठा धबधबाही बारीक धारेवर आलेला. दरी मात्र तीच, आणि पाणी कमी असल्यामुळं त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो, वरून खाली पडेपर्यंत.

लाडवांचा डबा मागच्या सीटवर होता. ठोसेघरला कठड्याशी उभी असताना मी ठरवलं. हे ठरवणं सोपं नव्हतं. एक पक्का होकार माझ्याकडं होता, आणि परत गेले तर तो जाणार अशी माझी खात्री होती.

"लिंबला चला," मी म्हणाले.

"आत्ता? उलटं पडंल."

"पडू दे."

मंगल दारात कापड पसरून मिरच्या निवडत होती. मला बघून उठली. "काय विसरलं का काय?"

"सांगायचं विसरले नाही. मुद्दाम सांगितलं नाही," मी म्हणाले. "मास्तर जूनमध्ये वारले."

ती रडली नाही. माझ्या हातातला डबा घेतला, गोठ्यात गेली आणि सगळे लाडू गाईपुढं ठेवून आली. त्यांच्या नावानं बांधलेले होते; आता ते तिच्या घरात कुणी खाणार नव्हतं. रिकामा डबा तिनं उपडा घातला.

"काल माझ्या चुलीपुढं बसून खीर खाल्लीत," ती म्हणाली. "मी हासत हुते. त्यांची चेष्टा करत हुते. मला का हासू दिलंसा?"

"तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली."

"म्हनून मेलेल्या मानसाची चेष्टा करू दिलीत मला? त्यांनी माझ्या सासूला खांदा दिलाय. गाडी हुबी करून दिलाय, पॅसेंजर खाली उतरवून. आन् मी त्यांच्यावर रुसले म्हनून निरोप धाडला!"

मी माफी मागितली. ती ऐकून न ऐकल्यासारखी तशीच उभी राहिली. मी जायला हवं होतं कदाचित. मी ओट्यावर बसले.

"ते कसे गेले ते सांगते," मी म्हणाले.

आणि सुरुवातीपासून सांगितलं. आदल्या दिवशी त्यांनी सहलीची यादी केली, दोन नावांपुढं "गुडघे" असं लिहिलं. सकाळी चहा टाकला. गाळणं हातात होतं. पातेलं खाली पडलेलं मला ऐकू आलं आणि मी आतूनच म्हणाले, "काय पाडलंत?" उत्तर आलं नाही. मी पानाची खूण घालून, पुस्तक मिटून मग उठले. ही गोष्ट मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. पानाची खूण घातल्याची. रिक्षा, दवाखाना, कुणी काय म्हणालं, सगळं सांगितलं. मंगल कधी खाली बसली मला कळलं नाही. शेजारच्या बायका आल्या, दोन म्हातारे आले, विहीर बघायला आलेलं एक जोडपंही लांब उभं राहिलं. मी बोलत होते. मध्येच कुणीतरी "मोठ्यानं सांगा, ऐकू येईना" असं म्हटलं, तर मी मोठ्यानं सांगितलं.

संपलं तेव्हा मंगलनं पदरानं तोंड पुसलं. "खूण घातली म्हनून मानूस जात न्हाई," ती म्हणाली. "चहा करते. बिनसाखरंचा."

चहा पिऊन झाल्यावर ती गाडीपर्यंत आली. "हू म्हनलं हुतं ते मोडत न्हाई मी. पन खीर करनार न्हाई औंदा. पिठलं करीन."

"चालेल."

"तुमाला चालंल हो. त्या म्हाताऱ्यांस्नी खीर का न्हाई, ते तुमी सांगायचं."

कोयनानगर

उंब्रजवरून पाटणला वळलं की रस्ता नदी धरून चालतो आणि डोंगर जवळ येत जातात. कोयनेचं धरण लांबूनच बघू देतात. पायथ्याची बाग छान राखलेली आहे, वळणावरून शिवसागराचं पाणी दिसतं, पण सहलीतल्या मंडळींना घाटातली वळणं सोसत नाहीत. आल्याच्या वड्या बरोबर ठेवाव्यात. मला स्वतःला दोनदा गाडी थांबवायला लागली. हणमंतराव म्हणाले, "मास्तरांच्या मंडळी आन् गाडी लागती!" आम्ही दोघंही हसलो. शुक्रवारपासून ते पुन्हा बोलायला लागले होते.

इथलं घर पांडूतात्यांचं. धरणावर नोकरी केलेले, आता एकटेच, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वयंपाक स्वतः करतात. या खेपेला मी उंबऱ्याबाहेर थांबूनच सांगितलं, बातमी आधी.

तात्यांनी मान हलवली. "जेवनार न्हवं?" एवढंच विचारलं.

भात, कुळथाचं पिठलं, सुकी मासळी हणमंतरावांना. भांड्यांच्या फळीला पुढून दोरी आडवी बांधली होती. कशाला, म्हणून विचारणार तोच पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं, भांडी एकमेकांना लागून किणकिणली, आणि थांबलं.

मी ताट सोडून उभी राहिले. तात्या भात वाढत होते.

"बारका धक्का हुता," ते म्हणाले. "बसा. मोठा असला तर ही दोरी बी कामाची न्हाई. बारक्यासाटी बांधायची."

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "पयलं वरीस सगळं येळेवर करायचं बाई. जेवन येळेवर, झोप येळेवर. सहल डिसेंबरला असती न्हवं? मग डिसेंबरलाच करायची. मानसं किती?"

"बावीस."

"मासं खानारी किती?"

मला माहीत नव्हतं. मास्तरांना माहीत असतं. मी वहीत लिहून घेतलं: विचारणे.

शुकाचार्य

रविवारी कऱ्हाडहून विट्याकडं. ऊस मागं पडला की जिल्हाच बदलतो. माळ, बाभळी, ज्वारी, मध्ये मध्ये डाळिंबाच्या बागा. खानापूरच्या पुढं डोंगराच्या घळीत शुकाचार्य. बाहेर एवढं कोरडं, आणि खाली उतरलं की दाट झाडी, दगडातून बारमाही पाणी, माकडं. पायऱ्या ओल्या आणि घसरड्या आहेत. मी एकदा बसकण मारली, एका म्हाताऱ्यानं उठवलं आणि म्हणाला, "देवानं बसा म्हनलं, तर बसायचं."

धोंडाबाईंची वस्ती तिथून दोन मैलांवर. मेंढपाळाचं घर. पूर्वी सगळे मेंढरं घेऊन कोकणाकडं जायचे. आता एक मुलगा मेंढरं बघतो, दोघे डाळिंब. धोंडाबाई ऐंशीच्या असाव्यात. मेंढरांच्या वाड्याशेजारी घोंगड्यावर बसल्या होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"लेकी, त्या दिवशी तुझ्या घरात भाकरी कुनी आनली?"

मला कळलं नाही.

"चूल पेटत न्हाई तवा. भावकीनं, शेजाऱ्यानं पिठलं-भाकरी आनायची असती. दुःखाचा घास. कुनी आनला?"

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. दिरांनी तीन दिवस डबा लावला होता. एका पोळी-भाजी केंद्राचा. भाऊ परगावी. शेजारच्या बाई फार चांगल्या. त्यांनी विचारलं होतं, काही लागलं तर सांगा. मी म्हणाले होते, नको, डबा आहे.

"कुणी नाही," मी म्हणाले.

धोंडाबाई सुनेला हाक मारून काहीतरी बोलल्या आणि स्वतः उठल्या. सून म्हणाली, "आत्या, मी करते की." त्या म्हणाल्या, "तू सर." चुलीपुढं बसून त्यांनी बाजरीच्या भाकरी थापल्या, वाकड्या, कडेला जाड. पिठलं केलं, फोडणी न देता, नुसतं मीठ-मिरचीचं. ताट माझ्यापुढं ठेवलं. पहिला घास त्यांनी मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडनं झाला. मास्तर ह्या घरचं मानूस, आमाला कळाय पायजे हुतं. खा."

मी खाल्ला. त्यांनी दुसरा मोडला. तेव्हा रडले मी, कडेगावच्या सुमनताईंसारखी, मोठ्यानं, आणि थांबवता येईना. धोंडाबाई पाठीवरून हात फिरवत बसल्या. मेंढरं ओरडत होती. हणमंतराव उठून डाळिंबाच्या बागेत गेले. नंतर मी ताटातली सगळी भाकरी संपवली. त्या संपवल्याशिवाय उठू देत नव्हत्या.

"आता मानसं कितीबी आन," त्या म्हणाल्या. "पन तू म्होरं यायचं. मास्तरावानी. मागं गाडीत बसून ऱ्हायचं न्हाई."

सोमवार, सांगली

सकाळी दहाला दाराची बेल वाजली. सुमनताई, त्यांचे मालक, शेजारच्या त्या दोघी. कडेगावहून पहिल्या गाडीनं आलेले. सोफा असून सगळे खाली सतरंजीवर बसले. सुमनताई पुन्हा रडल्या, तसंच, शब्द लावून. आणि या खेपेला मला हात कुठं ठेवायचे ते कळलं. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि त्या बाईही येऊन बसल्या. अर्ध्या तासानं सुमनताईंनी डोळे पुसले, फोटोला नमस्कार केला, आणि त्याच दमात विचारलं,

"बावीस जन न्हवं? त्यात वांगं न खानारं किती?"

"विचारून सांगते," मी म्हणाले.

निघताना त्यांनी 'येतो' म्हटलं नाही. भेटायला आलेली माणसं तसं म्हणत नाहीत. पायऱ्या उतरत होत्या, मी कठड्यावरून बघत होते, आणि खालच्या वळणावरून त्यांनी वर बघितलं. "डिसेंबरला तुमी या," म्हणाल्या.

ती माणसं रस्त्याला लागल्यावर मी देशमाने सरांना फोन लावला. सहल ठरल्याप्रमाणं आहे, असं सांगितलं. वांगं आणि मासळीचं विचारलं. कासला फुलं नसतील, लिंबला खीर नसेल, तेही सांगितलं. ते हूं हूं करत होते. मग त्यांनी विचारलं,

"ते सगळं ठीक आहे वहिनी. पण बसमध्ये बोलणार कोण?"

"मी," मी म्हणाले.

"काय? जरा मोठ्यानं बोला, ह्या कानानं मला कमी ऐकू येतं."

मी उभी राहिले.

"मी बोलणार आहे," मी म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या बाईंनी पुन्हा दार उघडून बघितलं.